मदत हवी आहे: लॉकडाऊनमधल्या कलम १८८ च्या (सरकारी आदेश मोडल्याच्या) केसचं आत्ता समन्स आलंय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. कोर्टाचा अनुभव असलेल्या कुणीतरी नीट सांगा, घरात सगळ्यांची झोप उडालीय.

२०२१ च्या जून-जुलैत बाकी महाराष्ट्र उघडत होता तरी आपल्या जिल्ह्यात निर्बंध कडकच होते, आठवत असेल. आमचं चपलांचं छोटं दुकान, सलग दोन लग्नसराया गेलेल्या. कापशी चपलांच्या जोडांवर पांढरी बुरशी धरलेली आणि आप्पा शटर आतनं लावून एकेक जोड फडक्यानं तेल लावून पुसत बसायचे. शेवटी ते आणि अजून आठजण दसरा चौकात उभे राहिले. मास्क लावून, खडूनं लांब लांब गोल आखून, हातात पाट्या. घोषणा एक पण नाही, तोंडानं ओरडायचं नाही असं आप्पांनीच सगळ्यांना बजावलेलं. आमची आजी त्याच एप्रिलात कोविडनं गेली होती, रोग खोटा म्हणणाऱ्यातले ते नव्हेत. अर्ध्या तासात गाडीत बसवून नेलं, जमावबंदी मोडली म्हणून गुन्हा दाखल.

आता वकील म्हणतात कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. पण जुन्या भारतीय दंड संहितेच्या १८८ मध्ये दोन भाग होते ना? साध्या अडथळ्याला एक महिना किंवा २०० रुपये, आणि माणसाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिने किंवा १००० रुपये. आमच्यावर दुसरा भाग लावलाय. आप्पा म्हणतात, "आदेश मोडला, जाणूनबुजून मोडला, शिक्षा घेतो. पण माझ्यामुळं कुणाच्या जिवाला धोका झाला ह्यावर सही करणार न्हाई." मला त्यांचं पटतं. साथीत गर्दीवर बंधन पाहिजेच, पण शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे आणि त्यावरचं बंधन वाजवी असावं असं तिथंच लिहिलंय.

तर फक्त पहिला भाग कबूल करता येतो का? १८८ ला अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते आणि कोर्टानं एक वर्षाच्या आत दखल घ्यायला लागते असं वाचलं, ते फाईलमध्ये कुठं बघायचं? सरकारनं लॉकडाऊनच्या केसेस मागे घ्यायचं जाहीर केलं होतं त्यात बसेल पण कदाचित, पण आप्पा अर्ज करायला तयार नाहीत, तो सल्ला देऊ नका.

सोमवारी तारीख आहे.