दादाच्या लग्नाची पत्रिका: मॅटर टाइप करण्यापासून व्हॉट्सॲपवर पाठवण्यापर्यंत मदत हवी

धाकटा_कराडकर

मंडळी, दादाचं लग्न ठरलंय आणि "तू दिवसभर कंप्युटरवरच असतोस ना" एवढ्या एका वाक्यावर पत्रिकेचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी पुण्यात, आई-बाबा कराडला, छापखानाही तिकडचाच.

फोनवर अख्खं मॅटर मराठीत नीट टाइप करून पाठवलं होतं. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा तपासायचा नमुना, आलं तर आजोबांच्या नावातला रफार गायब आणि आईच्या माहेरचं आडनाव भलतंच. प्रेसवाले म्हणतात, "तुमचं मॅटर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतं, म्हणून पोराने बघून बघून परत टाइप केलं." मी म्हटलं, मग तुमची फाईल द्या, मीच दुरुस्त करतो. ती लॅपटॉपवर उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही. सगळी इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या नि ठिपके. फॉन्ट बदलून मंगल केला, मुक्ता केला, ढिम्म.

शिवाय त्यांनी व्हॉट्सॲपसाठी दिलेली पत्रिका दोन-तीन ठिकाणी फिरून आली की इतकी धूसर होते की मुहूर्ताची वेळ वाचता येत नाही. आणि मी नातेवाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट करून साखरपुड्याचं आमंत्रण पाठवलं होतं, ते निम्म्यांना पोचलंच नाही. थोरली आत्या तेव्हापासून फोनवर फक्त "हो, नाही" इतकंच बोलते. लग्नाच्या वेळी हे परत नको.

जुळारी_सांगली

आमचा छापखाना वडिलांपासूनचा. ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र, होतं तेव्हा मी खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवलेत, आता कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसतो. पत्रिकांचा हंगाम सुरू आहे, त्यामुळे लिहिताना मधे मधे उठावं लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे प्रेसवाला थापा मारत नाहीये. त्या फाईलमध्ये मराठी नाहीच मुळी. जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षराचा किंवा टोपीवाल्या चिन्हाचा क्रमांक, आणि तो 'क' दिसतो तो केवळ आमच्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून. तुमच्याकडे फॉन्ट नाही, म्हणून पोटातलं बाहेर दिसतंय. मंगल किंवा मुक्ता हे युनिकोडचे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तुमच्या फोनवरचं मराठी दुसऱ्या कुणाच्याही फोनवर मराठीच दिसतं.

मग आम्ही जुनं सोडत का नाही? पत्रिकेला लागणारे वळणदार, वेलबुट्टीचे फॉन्ट आमच्याकडे वर्षानुवर्षांचे त्यातच साठलेत. आणि जुन्या कोरलमध्ये युनिकोड टाकलं की जोडाक्षरं सुटी पडतात.

त्यावर कन्व्हर्टर असतात, म्हणजे जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये नि उलट बदलून देणारी साधनं, नेटवरही मिळतात. पण ते कुठे घसरतात ते माहीत पाहिजे. जुन्या फॉन्टात आम्ही जसं दिसतं तसं टाइप करतो. पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी आणि अक्षर मागून. रफार डोक्यावर दिसतो, म्हणून तो अक्षरानंतर. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम: 'नि'मध्ये न आधी, वेलांटी नंतर, 'र्म'मध्ये पाय मोडलेला र आधी, मग म. म्हणजे बदलताना क्रम उलटा करावा लागतो आणि तिथेच गडबड होते. निर्मला, हर्षवर्धन, कीर्ती, दिग्विजय असली नावं घरात असतील तर ती आधी तपासा. 'शांताबाई'ला सहसा काही होत नाही.

तुम्ही आता असं करा. त्यांच्या फाईलच्या नादी लागू नका. तुमचं युनिकोड मॅटर परत पाठवा, पण व्हॉट्सॲपच्या आठ मेसेजांत तुकडे तुकडे नको. एकाच वर्डच्या फाईलमध्ये, किंवा ईमेलच्या अंगातच पेस्ट करा. सजावट, रंग, मधोमध ओळी, काही करू नका, ते आमचं काम. सोबत त्याच मॅटरची पीडीएफ द्या, म्हणजे आमच्याकडे अक्षर फुटलं तरी मूळ काय होतं ते डोळ्यांना दिसतं. हाताने लिहिलेल्या कागदाचा तिरका फोटो तर कृपा करून नकोच. 'कुलकर्णी'चे 'कुळकर्णी' तिथूनच होतात, आणि दोन्ही आडनावं खरी असल्यामुळे आम्हाला शंकाही येत नाही.

प्रूफ फोनवर वाचू नका. मोठ्या पडद्यावर किंवा कागदावर घ्या. एकाने मूळ मॅटर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. दुसरा माणूस घरचा नसला तर उत्तम, कारण घरचा माणूस नाव वाचत नाही, ओळखतो. आजोबांचं नाव चुकलेलं असलं तरी त्याला बरोबरच दिसतं. वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवा. ही चूक आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. कै. कुणाला आणि श्री. कुणाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एकदा तपासून घ्या. एका गिऱ्हाइकाकडे चुलत्यांना जिवंतपणी कै. लागलं होतं, पाकिटं भरून झाल्यावर लक्षात आलं.

तुम्ही "ओके" म्हटलं की आम्ही अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे अक्षराचं चित्र होतं. त्यानंतर एक अनुस्वार घालायचा तरी ती ओळ परत जुळवावी लागते. तेव्हा ओके घाईने देऊ नका, आणि बाबांनी परस्पर फोनवर "चालतंय की" म्हणून सांगू नये एवढं बघा.

नकाशाचा क्यूआर कोड छापणार असाल तर निदान २ सेंमीचा ठेवा, पांढऱ्यावर काळा. मरून कागदावर सोनेरी शाईत सुंदर दिसतो, पण बऱ्याच फोनना वाचता येत नाही. छापण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, एकाच नावाची मंगल कार्यालयं दोन-दोन असतात.

धूसर होण्याचं कारण साधं आहे. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. पिनेच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून पीडीएफ पाठवा, जशीच्या तशी जाते. प्रेसकडून पत्रिकेचा स्क्रीनशॉट घेऊ नका, पीडीएफच मागा.

मधली_काकू

ब्रॉडकास्टचं कोडं माझ्या भाच्याने सोडवलं होतं, ते सांगते. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतं ज्यांनी तुझा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय. एका यादीत २५६ जण बसतात, पण तू २५६ घातलेस तरी ज्याच्याकडे तुझा नंबर नाही त्याला काही येत नाही, आणि तुलाही कुणी कळवत नाही. आता विचार कर, आत्याच्या फोनमध्ये कुणाचा नंबर आहे? तुझ्या बाबांचा! मग पत्रिका बाबांच्या फोनवरून जाऊ दे. कराडला गेलास की तासभर बसून त्यांच्या फोनवर यादी करून दे. मानालाही तेच बरं. आमंत्रण घरच्या कर्त्या माणसाकडून आलं पाहिजे, पुण्याच्या पुतण्याकडून नव्हे.

आणि आत्या मुळी यादीत नकोच. मामा, आत्या, थोरले काका, सोयरे यांना आधी फोन, मग घरी जाऊन अक्षता नि पत्रिका. पहिली देवापुढे आणि कुलदैवताला, हे तुला आई सांगेलच. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर नुसती फाईल टाकू नकोस. वर दोन ओळी लिही:

"आत्या, नमस्कार. दादाची पत्रिका छापून आली. तारीख लक्षात राहावी म्हणून आत्ता फोनवर पाठवतोय. आई-बाबा अक्षता घेऊन येत्या रविवारी तुमच्याकडे येताहेत."

एवढ्याने राग जाईलच असं नाही. साखरपुड्याचा विषय बाबांनीच काढावा, तू मधे पडू नकोस. केळवणाला पहिलं घर तिचं धरा.

ग्रुप काढायची हौस असेल तर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लाव. आमच्या ग्रुपवर कार्यालयाचा पत्ता शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला गेला होता.

निवृत्त_रोखपाल

वरच्या पीडीएफच्या मुद्द्याला जोडून. गेली काही वर्षं लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके (म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल पाठवायचा धंदा चालू आहे. लोक पत्रिका समजून दाबतात, फोनमध्ये ॲप बसतं, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. हे ओळखीच्या नंबरावरूनही येतं, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच हातातून गेलेला असतो.

पत्रिका पीडीएफ असते किंवा चित्र असतं. उघडताना फोन 'इन्स्टॉल' म्हणाला की तिथेच थांबायचं. कुणी दाबलंच आणि पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की सावध माणूस आता अनोळखी नंबरावरून आलेली पत्रिका उघडणारच नाही. फाईलला नीट नाव द्या, 'शुभविवाह' आणि पुढे तुमचं आडनाव. स्कॅनरने दिलेलं आकड्यांचं शेपूट तसंच ठेवू नका. काकूंनी सांगितलेल्या दोन ओळी इथेही कामाला येतील, ठगाला तुमच्या आत्याचं केळवण माहीत नसतं.

धाकटा_कराडकर

सगळ्यांचे आभार. वर्डची फाईल आणि पीडीएफ दोन्ही पाठवली, आणि रफाराबद्दल सांगितल्यावर प्रेसमधला पोरगा एकदम आपुलकीने बोलायला लागला. बाबांच्या फोनवर यादी शनिवारी करतोय.

जुळारीकाका, दोन प्रश्न उरलेत. आजोबांचा हट्ट आहे की गावाचं नाव जुन्या पद्धतीने 'कऱ्हाड' असंच छापायचं. मी टाइप केलं की 'कर्हाड' होतं, रफार थेट ह च्या डोक्यावर. आणि भाच्याच्या नावाने "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" ही ओळ आई घालायचीच म्हणतेय. दादाला ती अजिबात नकोय.

जुळारी_सांगली

साधा र घेऊ नका, खाली टिंब असलेला ऱ घ्या. मग पाय मोडा, मग ह. फोनच्या कीबोर्डवर र दाबून धरला की बहुतेक वेळा ऱ वर येतो. विंडोजवर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड असेल तर जे च्या कळीवर र आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ऱ. डी वर पाय मोडायची खूण, यू वर ह. 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या', 'सोयऱ्यांना' हे सगळं असंच. आणि हे नाव कन्व्हर्टरमध्ये हमखास तुटतं, तेव्हा प्रुफात कऱ्हाड जिथे जिथे आलंय तिथे तिथे बघा. पाकिटावरच्या पत्त्यातही, कारण पाकिटाचं प्रूफ कुणी मागतच नाही.

यायचं हं ची ओळ आई घालणारच. दादाला म्हणावं, आम्ही ती मागच्या बाजूला लहान टायपात घेतो.