लिमरिकमध्ये मुलाला कुठं घालू, रग्बीला की हर्लिंगला? आणि इथं जोर नक्की कुणाचा?

नवा_मुक्काम

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी पुण्याहून आयर्लंडमधल्या लिमरिकला आलोय, बायको आणि मुलगा मागोमाग आले. मुलगा ८ वर्षांचा. ऑफिसात सोमवारी सकाळी अर्धी टीम मन्स्टरच्या (इथल्या प्रांताची टीम) रग्बीवर बोलत असते. घरी यावं तर शेजारची पोरं संध्याकाळभर गॅरेजच्या भिंतीवर काठीनं चेंडू बडवतात. त्यांच्या बाबांसमोर रग्बीचा विषय काढला तर "हो, बरा आहे" म्हणून हवापाण्यावर येतात. टीव्ही लावला की वाटतं रग्बी हाच यांचा राष्ट्रीय खेळ. मग हर्लिंग (तोच काठी-चेंडूचा खेळ), गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्हींनी खेळायचा) हे जुने खेळ मागं पडत चाललेत का? मुलाला कुठं घालावं? क्रिकेटचा क्लब शोधला होता, पण चिरंजीव म्हणतात, मित्र जातील तिथंच जाणार.

पेठकरीण

टीव्हीवरून ठरवू नका. नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये इथं उतरलेल्या कुणालाही हा देश रग्बीवर जगतो असंच वाटतं, कारण तेव्हा देशाच्या मॅचेस असतात. मे ते जुलै राहून बघा. लिमरिक-क्लेअर नाहीतर लिमरिक-टिपररी (शेजारचे जिल्हे) हर्लिंग असलं की दारोदार हिरव्या-पांढऱ्या पताका लागतात आणि आमच्या वॉर्डात रजेवरून भांडणं होतात. (मी नर्स आहे. ड्यूटीचा तक्ता मॅचच्या तारखा बघून लागतो, हे कुणाला सांगू नका.)

आता तुमच्या शेजाऱ्यांचं ते "बरा आहे". त्यामागं मोठा इतिहास आहे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना, जीएए, १८८४ साली थर्ल्सच्या एका हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजांचे खेळ गावोगाव पसरत होते, त्यांना उत्तर म्हणून. गंमत अशी की स्थापनेत पुढं असलेला मायकल कुसॅक स्वतः रग्बी खेळलेला गडी. पुढं नियम इतके कडक झाले की सभासदानं रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेट खेळणं सोडाच, नुसतं बघायलाही बंदी. १९३८ मध्ये तर देशाचे राष्ट्रपती डग्लस हाइड सॉकरची मॅच बघायला गेले, म्हणून संघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं! ही बंदी उठली १९७१ ला. आमच्याकडं पूर्व लिमरिकचे एक आजोबा ॲडमिट होते. तरुणपणी टोपी कपाळावर ओढून, कॉलर वर करून रग्बी बघायला जायचे म्हणाले, कारण कोण कोण येतंय हे टिपायला क्लबांची माणसं मैदानावर फिरायची. हे सांगताना इतके खुशीत होते की मला बीपी दोनदा घ्यावं लागलं.

म्हणजे चुरस खरी आहे, पण लिमरिकमध्ये ती बाकी देशासारखी नाही. इतरत्र रग्बी म्हणजे फी भरायच्या शाळा, डॉक्टर-वकिलांची पोरं. लिमरिकमध्ये ती गोदीतल्या हमालांनी, कारखान्यातल्या कामगारांनी खेळली. उंच उडवलेल्या किकला रग्बीवाले जगभर गॅरीओवेन म्हणतात ना, तो इथलाच क्लब. १९७८ मध्ये मन्स्टरनं ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमला, १२-० हरवलं ते इथल्याच थोमंड पार्कवर. तिथं एकदा जाच. समोरच्या टीमचा खेळाडू पेनल्टी मारायला उभा राहिला की हजारो माणसं चिडीचूप. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नेमकी चिप्सची पिशवी फोडली आणि पुढच्या रांगेनं मागं वळून असं बघितलं की बस्स.

हर्लिंगचं मैदान, गेलिक ग्राउंड्स, शॅनन नदीच्या त्याच काठाला, लांब नाही. तिथं उलटं, कुणी गप्प बसतच नाही. १९७३ नंतर लिमरिकनं हर्लिंगचा अखिल आयर्लंड कप थेट २०१८ ला जिंकला, ४५ वर्षांनी. मग २०२० ते २०२३ सलग चार. यातल्या एकाही खेळाडूला पगार नाही. मॅनेजर शाळेचा मुख्याध्यापक. रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळलेला पोरगा पुन्हा आपल्या नोकरीवर हजर. रग्बी १९९५ पासून व्यावसायिक झाली, तिथं करार आणि पगार असतात.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली, त्यामुळं मला जीएए लगेच कळलं. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. पेठेतला पोरगा पेठेच्या टीमकडून खेळणार आणि शाहू स्टेडियमवर शेजारच्या पेठेला हरवणार, त्यापुढं वर्ल्ड कप फिका. इथं पेठेच्या जागी पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा भाग. जिथं राहता तिथला क्लब तुमचा.

रग्बीला जी जागा मिळाली त्यातली निम्मी, माझ्या मते, जीएएनं आपल्या हातानं दिली. पूर्वी अखिल आयर्लंडचे अंतिम सामने सप्टेंबरात व्हायचे. आता जुलैत उरकतात, म्हणजे पुढचे महिने गावच्या क्लबांना मोकळे मिळतात. हेतू चांगलाच आहे, गावात त्याचा फायदाही दिसतो. पण ऑगस्टपासून मोठी मॅचच नाही, तर पेपर आणि टीव्हीवाले काय दाखवणार? रग्बी आयतीच येऊन बसली.

डब्लिनकर

पेठकरीण ताई, लिमरिक म्हणजे आयर्लंड नव्हे. एक मोठं कारण तुम्ही सोडलंत. हर्लिंगमध्ये इंग्लंडला हरवता येत नाही, कारण इंग्लंड त्यात नाहीच. रग्बीत येतं. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड, सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून एकच टीम आहे. वर्षभर ज्यांना ऑफसाइड कळत नाही ते माझ्या ऑफिसातले लोकही त्या दिवशी पबमध्ये असतात. या अशा प्रेक्षकांत जीएएला कधीच जिंकता येणार नाही.

डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम हे जीएएचं घर. तिथं "परके" खेळ नकोत हा नियम २००५ पर्यंत होता. मग लान्सडाउन रोडचं रग्बीचं स्टेडियम पाडून नवीन बांधायचं होतं म्हणून दार उघडलं. फेब्रुवारी २००७ मध्ये तिथं इंग्लंड आलं. १९२० साली याच मैदानावर ब्रिटिश दलांनी मॅच चालू असताना गोळ्या झाडल्या होत्या, १४ माणसं गेली, त्यातल्या टिपररीच्या मायकल होगनच्या नावानं तिथं स्टँड आहे. तिथं इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मग आयर्लंडनं ४३-१३ असं धुतलं. त्यात शेन होर्गननं उंच उडी मारून जो बॉल पकडला तो शुद्ध गेलिक फुटबॉलचा कॅच! तो मीथ जिल्ह्याचा, लहानपणी तेच खेळलेला. मे २०२४ मध्ये लेन्स्टरच्या (डब्लिनकडच्या प्रांताची टीम) रग्बीनं तेच क्रोक पार्क गच्च भरवलं, ८२,३०० माणसं. जीएएवाल्यांनी भाडं घेतलं आणि गप्प बसले.

पेठकरीण

दादा, इंग्लंडचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ८२,३०० तिकिटं म्हणजे ८२,३०० खेळणारे नव्हेत. जीएएचे देशभर दोन हजारांहून जास्त क्लब आहेत, रग्बीचे त्याच्या आसपासही नाहीत. तुमच्या दक्षिण डब्लिनमध्ये, रग्बीच्या बालेकिल्ल्यात, किलमकुड क्रोक्स या जीएए क्लबकडं पोरांची केवढी गर्दी असते ते शनिवारी जाऊन बघा. खरी ओढाताण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांवर होते. तोवर दोन्ही खेळतात, मग दोन्ही कोच एकाच संध्याकाळी प्रॅक्टिस ठेवतात. आमच्या घरी यावरून दोन आठवडे अबोला होता. शेवटी पोरानं हर्लिंग धरलं. नवरा अजून मन्स्टरची लाल जर्सी घालून जेवायला बसतो.

उत्तरेकडचा

बेलफास्टहून लिहितोय. इकडं लोकप्रियतेचा प्रश्न विचारणंच अवघड. मूल रग्बी खेळतं की गेलिक फुटबॉल, यावरून शाळा कळते आणि शाळेवरून घराणं प्रोटेस्टंट की कॅथलिक ते कळतं. अपवाद वाढतायत, पण अजून अपवादच. आमच्या मुलीनं हॉकी निवडली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

नवा_मुक्काम

सगळ्यांचे आभार. म्हणजे ८ व्या वर्षी दोन्ही चालेल? बायकोला काठीची भीती वाटते. आणि खर्च?

पेठकरीण

खुशाल दोन्ही करा. लहान मुलांची रग्बी हिवाळ्यात, हर्लिंग उन्हाळ्यात, फार आड येत नाहीत. वहिनींना सांगा, हर्लिंगला हेल्मेट सक्तीचं आहे, तोंडावर जाळीसकट. माझ्या पोराला हर्लिंगमध्ये बोटांना लागलं, रग्बीत खांद्याला. बारा वर्षांखालच्या हर्लिंगमध्ये हारजीत मोजत नाहीत, सगळ्यांना खेळवतात, त्यामुळं नवीन मूल बाकावर बसून राहत नाही. रग्बीतही आधी कमरेच्या पट्ट्या ओढायच्या, पाडापाडी नंतर.

वर्षाची सभासद फी दोन्हीकडं परवडण्यासारखी असते. हेल्मेट नवीनच घ्या, बाकी सामान क्लबमध्ये मागितलं तर मिळतं. त्याबदल्यात कधी चहा करायला, कधी जर्सी धुवायला तुमचा नंबर लागेल. तेव्हा नाही म्हणू नका, ओळखी तिथंच होतात.

आणि काठी, म्हणजे हर्ली, मापाचीच घ्या. मूल सरळ उभं करायचं, हर्ली जमिनीवर टेकवायची, वरचं टोक मनगटाच्या हाडापर्यंत आलं पाहिजे. वाढतं अंग आहे म्हणून दोन इंच मोठी घेऊ नका. आम्ही घेतली होती, पोरगा वर्षभर झाडू मारल्यासारखा खेळला.