आइसलँडची रिंग रोड सप्टेंबरात: छोटी गाडी की फोर बाय फोर, आणि काउंटरवरचा विमा किती घ्यावा?

कोथरूडकर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघे जण आइसलँडला जातोय. केफ्लाविक विमानतळावर गाडी घ्यायची, १ नंबरच्या रस्त्याने, म्हणजे रिंग रोडने, पूर्ण फेरी मारायची आणि तिथेच परत द्यायची. हातात ९ दिवस आहेत. चालवणारे दोघे, दोघांकडेही महाराष्ट्राचं कार्डवालं लायसन्स. फोर बाय फोरचं भाडं साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट दिसतंय, ते खरंच द्यावं लागतं का? विम्याच्या यादीत सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर, गाडीच्या नुकसानीचा मूळ विमा), सुपर सीडीडब्ल्यू, ग्रॅव्हल, सँड अँड ॲश अशी रांग आहे. त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं? शिवाय आरटीओचं इंटरनॅशनल परमिट लागेल का?

डांबरी_सडक

रिंग रोड साधारण १,३२० किमी आहे आणि २०१९ पासून अख्खी डांबरी. नुसती तेवढीच करणार असाल तर सप्टेंबरात साधी टू-व्हील ड्राइव्ह पुरते. फोर बाय फोर लागते ती 'एफ'ने सुरू होणाऱ्या रस्त्यांना, म्हणजे आतल्या पठारावरच्या कच्च्या वाटांना. तिथे साधी गाडी नेणं बेकायदा आहे, आणि नेलीत तर विमाही गेला. एफ रस्ते साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उघडे असतात, पण सप्टेंबरात एक बर्फ पडला की त्या दिवशी बंद. म्हणजे ज्या रस्त्यासाठी दुप्पट भाडं भरलंत तोच बंद, असं होऊ शकतं. आतल्या पठारावरचं लांडमन्नालॉगर बघायचंच असेल तर तो एक दिवस रेक्याविकहून टूर घ्या. नदीत चाकं घालायची जबाबदारी त्यांच्या ड्रायव्हरवर राहते.

नद्यांबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा: इंजिनात पाणी गेलं तर बहुतेक विमे पैसे देत नाहीत. फोर बाय फोर असली तरी सहसा नाही, महागडं पॅकेज असलं तरी सहसा नाही. वर टोइंगचं बिल तुमचं.

तुमची खरी अडचण डिकीची आहे. लोक सवयीने डस्टर बुक करतात (आपल्याकडे ती रेनोच्या बिल्ल्याने आली, तिथे डाचिया). तिच्या फोर बाय फोर मॉडेलची डिकी टू-व्हीलवाल्यापेक्षा लहान असते. चार मोठ्या बॅगा बसत नाहीत, एक मागच्या सीटवर मांडीवर येते. त्याच भाड्याच्या आसपास ऑक्टाव्हियासारखी स्टेशन वॅगन मिळाली तर ती घ्या. आणि ऑटोमॅटिकच घ्या. बाजू बदललेली, त्यात गिअर उजव्या हाताला, एवढं एकदम नको.

९ दिवसांत वायव्येकडचा वेस्टफ्योर्ड्स भाग कोंबू नका. आणखी एक: पूर्व किनाऱ्यावरून एगिल्सस्टादिरला जाताना मॅप तुम्हाला ९३९ नंबरच्या ओक्सी घाटात घालायला बघेल, कारण अंतर बरंच वाचतं. तो कच्चा, खडा चढ आहे, आणि वर धुकं असतं. १ नंबर २०१७ पासून फ्योर्डांच्या (समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या) कडेने जातो, त्यालाच धरून राहा. देटिफॉस धबधब्याला जाताना ८६२ घ्या, तो डांबरी आहे. पलीकडच्या काठाचा ८६४ कच्चा आहे.

एक्सेस_शून्य

विमा समजायला आधी हे बघा की तिथे गाड्या कशाने बिघडतात. ट्रॅफिकने फारशा नाहीत. खडी, वारा, वाळू आणि पाणी ही चार कारणं, आणि विम्याची रांग त्यांच्याभोवतीच लागलेली आहे.

सीडीडब्ल्यू बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो, पण त्यात एक्सेस राहतो, म्हणजे नुकसानीची सुरुवातीची रक्कम तुमच्या खिशातून. सुपर सीडीडब्ल्यूने तो एक्सेस कमी होतो, नुकसानीचे प्रकार वाढत नाहीत. गल्लत होते ती इथेच. 'सुपर' घेतला म्हणजे काच फुटली तरी चालेल, असं नाही.

ग्रॅव्हल घ्या. रिंग रोड डांबरी असली तरी धबधब्यांकडे, मुक्कामाच्या शेतघरांकडे जाणारे फाटे कच्चे असतात, आणि समोरून ८० च्या वेगाने येणारी गाडी खडी उडवते. पुढची काच, हेडलाइट, बॉनेट त्यात धरलेले असतात. टायर, रिम आणि गाडीचा तळ सहसा नसतात.

सँड अँड ॲश हा खरा वादाचा मुद्दा. दक्षिणेला मिर्दाल्ससांदुर आणि स्केइदारारसांदुर ही काळ्या वाळूची मैदानं रस्ता कापतात. वारा चढला की वाळू पॉलिश कागदासारखी रंग खरवडते, काचा धुरकट होतात, आणि बिल अख्ख्या बाजूच्या रंगाचं येतं. तारखा आणि मुक्काम आधीच पक्के असतील, म्हणजे वारा असला तरी निघावंच लागणार असेल, तर घ्या. एखादा दिवस थांबायची मुभा असेल तर वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी विक गावात बसून राहणं स्वस्त पडतं.

वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकली तर बहुतेक पॉलिसींत ते नुकसान धरत नाहीत किंवा त्याला वेगळा मोठा एक्सेस असतो. करार सही करण्याआधी त्यात 'विंड' आणि 'डोअर' शोधा.

बाहेरून, दुसऱ्या वेबसाइटवरून एक्सेसचा विमा स्वस्तात घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. त्यातल्या बऱ्याच पॉलिसी ठरावीक देशांच्या रहिवाशांनाच चालतात. भारताचा पत्ता टाकला की पैसे घेतात, पण क्लेमच्या वेळी पात्रतेचा मुद्दा काढतात. आणि पात्र असलात तरी गाडीवाला आधी तुमच्या कार्डावरून रक्कम कापणार, तुम्ही ती मागाहून मागायची. काउंटरवर डिपॉझिट ब्लॉक होतंच.

कोथरूडकर

बरंच स्पष्ट झालं, आभार. म्हणजे वॅगन आणि ग्रॅव्हल. डिपॉझिटसाठी फॉरेक्स कार्ड चालेल का? लायसन्सचंही राहिलं.

सारथी_पोर्टल

फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं, डिपॉझिटला ते घेत नाहीत. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड. रुपेच्या भरवशावर जाऊ नका. नवऱ्याच्या नावाने बुकिंग आणि बायकोचं कार्ड, असं असेल तर काउंटरवर गाडी अडते. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, तिथली मर्यादा वाढवा आणि पिन लक्षात ठेवा. आपल्याकडची कार्डं आंतरराष्ट्रीय वापरासाठी मुळात बंदच असतात, आणि हे केफ्लाविकच्या रांगेत कळलं तर ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू असावं लागतं.

पिन पेट्रोलसाठी तर हवाच. गावाबाहेरचे बरेच पंप माणसाविना चालतात: कार्ड घाला, पिन टाका, रक्कम निवडा, भरा. 'टाकी फुल' निवडली की मशीन मोठी रक्कम अडवून ठेवतं आणि उरलेली सुटायला काही दिवस लागतात. त्यापेक्षा ठरावीक रक्कम टाका. डिझेलवर 'दिसेल', पेट्रोलवर 'बेन्सिन' लिहिलेलं असतं. टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचूनच नळी उचला, चुकीचं इंधन विम्यात बसत नाही. एगिल्सस्टादिर ते मिवात्न या दीडशेहून जास्त किलोमीटरच्या पट्ट्यात जवळपास काही नाही, निघताना टाकी भरा.

लायसन्सचं: तिथे रोमन लिपीतलं, फोटो असलेलं, मुदतीतलं लायसन्स चालतं, आणि आपलं कार्ड इंग्रजीत असतंच. तरी इंटरनॅशनल परमिट काढा. काउंटरवरचा माणूस नवखा असला किंवा पोलिसांनी थांबवलं तर वाद टळतो. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट. मुदत एक वर्ष, किंवा लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत. पूर्वी व्हिसाची प्रतही लागायची, २०२१ पासून ती अट नाही. परमिट एकटं चालत नाही, मूळ कार्ड सोबत लागतं. नेटवर डॉलरमध्ये विकली जाणारी 'इंटरनॅशनल लायसन्स' बघून भुलू नका, परमिट आरटीओच देतं. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घाला. नाव नसलेला माणूस चालवत असताना ठोकली तर विमा शून्य.

डांबरी_सडक

बाजू बदलण्याबद्दल दोन शब्द, कारण भारतीय चालकांचं इथे ठरावीक ठिकाणी चुकतं. हमरस्त्यावर नाही, तिथे पुढची गाडी बघून आपोआप जमतं. चूक होते ती रिकाम्या पार्किंगमधून किंवा पंपावरून बाहेर पडताना. शेजारी बसणाऱ्याचं कामच ठरवून द्या: दर वळणाला 'उजवीकडे राहा' असं मोठ्याने म्हणायचं. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर फिरणारच, घाबरू नका. आणि डावीकडे बसल्यावर गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. तिथे रस्त्याला साइडपट्टी नसते, डांबर संपलं की थेट उतार.

वेगाची मर्यादा: डांबरी ९०, कच्चा ८०, गावात ५० आणि कुठे ३०. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे, आणि तो गाडीवाल्याकडून वर त्याच्या हाताळणी खर्चासह येतो. डांबर संपण्याआधी 'मालबिक एंदार' अशी पाटी येते. ती दिसली की खडीवर चाक जायच्या आधी वेग ५०-६० वर आणा. खडीवर गेल्यावर ब्रेक मारला तर मागचा भाग फिरतो, परदेशी पाहुण्यांच्या गाड्या उलटतात त्या अशाच.

'आइनब्रेइद ब्रू' म्हणजे एका गाडीपुरता पूल. जो आधी जवळ पोचला तो आधी जातो. शंका असेल तर थांबा, समोरचा दिवे चमकवून काय सांगतोय त्याचा अर्थ लावत बसू नका. आपल्याकडे दिव्याची उघडझाप म्हणजे 'मी येतोय', तिथे बहुतेकदा 'तू जा'. दोन पदरी चौकात, म्हणजे राउंडअबाउटवर, आतल्या पदरातल्या गाडीला बाहेर पडायचा पहिला हक्क असतो. हे युरोपातही इतरत्र सहसा नाही, त्यामुळे बाहेरच्या पदरात असाल तर डावीकडे बघत राहा.

दिवे चोवीस तास चालू ठेवायचे, कायदा आहे. गाडीचा 'ऑटो' मोड दिवसा पुढचे छोटे दिवेच लावतो, मागचे बंद राहतात. नॉब स्वतः फिरवा.

सप्टेंबरची खास गोष्ट: डोंगरात सोडलेल्या मेंढ्या याच महिन्यात हाकलून खाली आणतात, कधी कधी अख्खा कळप रस्त्यावर. एरवीही मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की कोकरू आईकडे धावणारच, आणि तेही तुमच्या चाकासमोरून. मेंढीला उडवलंत तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते.

अकुरेरीजवळचा वादलाहेइदी बोगदा हा रिंग रोडवरचा एकमेव टोल आहे. नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. २४ तासांत ऑनलाइन भरा, नाहीतर गाडीवाल्यामार्फत वाढवून येतो. टाळायचा असेल तर विकुरस्कार्दची जुनी खिंड आहे, साधारण १६ किमी जास्त. धबधब्यांच्या पार्किंगलाही हेच: फाटक नाही, पण नंबर वाचला जातो. मशीनवर किंवा पार्का ॲपवर भरा.

एक्सेस_शून्य

गाडी ताब्यात घेतानाचं राहिलं. व्हिडिओ काढा, हे सगळेच सांगतात, पण कुठे बघायचं ते ऐका. चारही दारं एकेक करून पूर्ण उघडा आणि बंद करा. पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ, मडगार्डाच्या पत्र्यावर उभी बारीक घडी दिसली किंवा दार कडेला एकसारखं बसत नसेल, तर आधीच्या कोणाचं तरी दार वाऱ्याने फिरलेलं आहे. ते कागदावर लिहून घ्या. पुढची काच तिरकी बघा, तांदळाएवढा टवका आत्ता दुर्लक्षित केला तर परत देताना तुमचा ठरतो. चारही रिम, पुढच्या बंपरची खालची कड, छत. डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत नुसता पंक्चरचा फेस आणि छोटा पंप असतो.

वाऱ्यासाठी: गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा. दार उघडताना हँडल दोन्ही हातांनी धरा, एका वेळी एकच दार. मागे बसलेल्यांनाही हे सांगा, दारं बहुतेकदा तेच घालवतात.

कोथरूडकर

वारा किती असला की निघायचं नाही? आकडा सांगा.

डांबरी_सडक

हवामान खातं वारा मीटर प्रति सेकंदात देतं. १५ पर्यंत सावकाश चालवता येतं. २० म्हणजे ताशी ७२ किमी, त्यापुढे थांबा. त्यातही झोत वेगळे बघा. एयाफ्योल डोंगराखाली आणि ओराइफीच्या पट्ट्यात सरासरी १५ असताना झोत ३० च्या वर जाऊ शकतो, कारण वारा कड्यावरून खाली कोसळतो. रस्त्याच्या कडेचे डिजिटल फलक वाऱ्याचा वेग दाखवतात. रोज सकाळी निघण्याआधी वेदुर ही हवामानाची साइट आणि उम्फेर्दिन ही रस्त्यांची साइट उघडा, किंवा तिथल्या सिमवरून १७७७ ला फोन करून विचारा, इंग्रजीत उत्तर देतात. रस्ता बंद असल्याचा अडसर लावलेला असेल तर त्याला वळसा घालून पुढे जाऊ नका, तिथून पुढचा खर्च विमा उचलत नाही. अडकलात तर ११२.