पुराचा गाळ शेतात बसलाय, वर प्लेटिंगची शेडं आहेत, सँपल कसं घ्यायचं?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. मोशीला नदीकाठी मामांचं सव्वा एकर रान आहे, निळ्या पूररेषेच्या (वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याची सरकारी हद्द) आतच येतं. या पावसाळ्यात पाणी चढलं ते लवकर हललंच नाही, आता ओसरलंय तर निम्म्या रानात काळपट गाळ बसलाय, साधारण २ सेंमी, उन्हाने खपल्या सुटायला लागल्यात आणि खपली उचलून नाकाशी धरली तर ऑइलसारखा उग्र वास येतो. वरच्या अंगाला प्लेटिंगची, म्हणजे धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवायची बारकी शेडं आहेत आणि नाला थेट नदीत. मामा म्हणतात गाळ म्हणजे खतच, रोटर मारून मेथी टाकू. कसंबसं थांबवलंय त्यांना. माती कुठनं, किती खोल, कशात घ्यायची आणि लॅबला नेमकं काय सांगायचं? मृदा आरोग्य पत्रिका काढलेली आहे, तीच टेस्ट परत केली तर चालेल का?

सँपलिंगवाला
रोटर मारू देऊ नका, हे पहिलं. एकदा गाळ खालच्या मातीत मिसळला की पुरानं काय आणलं आणि आधीपासून काय होतं हे कोणी सांगू शकणार नाही.

पत्रिकेची टेस्ट इथे कामाची नाही. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू असलं बघतात, जस्त आणि तांबं असतं पण ते पिकाला मिळणारं, एकूण नाही. क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम त्यात नसतंच आणि प्लेटिंगच्या नाल्याखाली आपल्याला तेच बघायचंय.

जागा निवडताना एक लक्षात ठेवा, पूर सगळीकडे सारखं टाकत नाही. नदीला लागून वाळू बसते आणि पाणी जिथे तुंबून राहतं त्या खोलगटात एकदम बारीक चिकणगाळ बसतो. धातू त्या बारीक कणांना चिकटून येतात. त्यामुळे काठावरची वाळू दिली तर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि फसाल. खोलगट भाग वेगळा, मधला वेगळा, काठ वेगळा धरा, प्रत्येकात ८-१० ठिकाणचं थोडं थोडं घेऊन एकत्र करा, पण एका भागातलं दुसऱ्यात मिसळू नका. आणि प्रत्येक भागात वरची खपली एका पिशवीत, तिच्याखालची जुनी माती ० ते १५ सेंमी दुसऱ्या पिशवीत.

हत्यार म्हणाल तर घरातलं घमेलं नको. पत्र्याच्या घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो, ओला गाळ त्यात कालवला की तेच जस्त रिपोर्टात येणार आणि तुम्ही शेडवाल्यांना धरणार. चकचकीत क्रोमचं थापी-खुरपंही नको. प्लास्टिकचा स्कूप आणि नवी प्लास्टिकची बादली घ्या. ऑइलचा वास येतोय त्यासाठी मात्र वेगळं सँपल लॅबनं दिलेल्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात. ते प्लास्टिकमध्ये चालत नाही.

काळी_माती
वरच्या सरांनी सगळं बरोबर सांगितलंय पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. तुलनेची माती घ्या. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, कारखाना असो नसो. परदेशी मर्यादा समोर ठेवून रिपोर्ट वाचला तर कधीच पाणी न पोचलेलं रानसुद्धा दूषित दिसेल आणि मग समोरचा वकील तेवढं एकच वाक्य बोलून मोकळा होईल. म्हणून पूर न चढलेल्या उंच तुकड्यातली तशीच काळी माती एक, आणि जमलं तर कारखान्यांच्या बरंच वर, कामशेतच्या बाजूला नदीनं टाकलेला गाळ एक. तिन्ही एकाच लॅबला, एकाच पद्धतीनं. मग आकडा जास्त आला तर त्याला अर्थ आहे.

क्रोमियमचं अजून एक. बेसाल्टमधलं असतं ते तीन व्हॅलन्सीचं, प्लेटिंगच्या बाथमधलं, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणातलं, सहाचं, ते विषारी. म्हणून हे सहाचं, लॅबच्या भाषेत हेक्झाव्हॅलंट, वेगळं मागा. पण ते शून्य आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका, सांडपाण्याच्या सेंद्रिय गाळात सहाचं तीनमध्ये बदलून जातं. एकूण क्रोमियम तुलनेच्या मातीपेक्षा चढलेलं असेल आणि सोबत निकेल, जस्तही चढलं असेल तर शंका घ्यायला जागा आहे. लॅबनं बीडीएल, म्हणजे मोजता येणाऱ्या मर्यादेच्या खाली, असं लिहिलं तर त्यांची मर्यादा किती ते लेखी घ्या, कॅडमियमला तर नक्कीच.

इंद्रायणीकाठ
मनापासून आभार दोघांचेही. विहिरीचं काय? नदीपासून फार लांब नाही आणि घरात तेच पाणी पितात. आणि शेजारचे म्हणतायत गाळ खरवडून परत नदीत लोटून द्या.

काळी_माती
नदीत अजिबात नको, तो आळंदी-मरकळच्या लोकांच्या रानात जाऊन बसेल. निम्म्या रानावर २ सेंमी म्हणजे ५० घनमीटरच्या आसपास गाळ झाला, खपल्या सुटल्यात तोवर खरवडून पूररेषेबाहेर जाड ताडपत्रीवर ढीग करा आणि वरनं झाका. पण सँपल घेतल्यावर.

विहिरीचं पाणी रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका. पुरात मैलापाणी असतंच, धातू राहिले बाजूला. आपल्या चुनखडीच्या मातीत शिसं, जस्त बऱ्यापैकी जखडून राहतं, पण सहाचं क्रोमियम अशा मातीतनं पाण्याबरोबर खाली सरकतं, म्हणून विहीर तपासायचीच. धातूंच्या बाटलीत लॅब नायट्रिक ॲसिड घालून देते, हेक्झाव्हॅलंटची बाटली मात्र बिनॲसिडची, थंड, २४ तासांच्या आत पोचवायची. पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० प्रमाणे क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, शिसं ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, त्याच्याशी ताडून बघा.

कागद_आधी
एनएबीएल मान्यता असलेली लॅब घ्या, आणि त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या तपासण्यांच्या यादीत, मातीतले धातू आहेत का ते बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी फक्त पाण्याचं असतं. शक्य असेल तर लॅबचाच माणूस सँपल घ्यायला बोलवा. सँपल घेताना जीपीएस लोकेशनसकट फोटो, पिशवीवर तारीख-वेळ-खोली, सील, सह्या. तलाठ्याकडनं पंचनामा करून घ्या, गाळाचा उल्लेख घालायला सांगा, नाहीतर नुसतं 'पिकाचं नुकसान' लिहून मोकळे होतात आणि नंतर तो कागद काही कामाचा राहत नाही.

हेही माहीत असू द्या की १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेलं सँपल कोर्टात टिकतं, तुमचं खाजगी सँपल तसं धरत नाहीत. पण तुमच्या रिपोर्टावर मंडळाकडे लेखी तक्रार करून त्यांना नाल्याचं सँपल घ्यायला लावता येतं. पाऊस थांबून नाला आटायच्या आत करा. एनजीटीचं (राष्ट्रीय हरित लवाद) पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं मुदत असते पण बाकीच्या वादाला फक्त सहा महिने, पोच शिक्क्यासकट जपून ठेवा.

इंद्रायणीकाठ
मामांना सगळं वाचून दाखवलं. ते तयार आहेत, फक्त उंच तुकड्यात मेथी टाकायचीय म्हणतात, तिथे पाणी आलं नव्हतं. टाकू दे का?

सँपलिंगवाला
टाका, पण तुलनेचं सँपल आधी काढून घ्या, शेणखत-रासायनिक खत पडायच्या आत. सुपर फॉस्फेटमध्ये थोडं कॅडमियम असतं. आणि पाणी त्या विहिरीचं देऊ नका सध्या.