परभणीहून आईला दिल्लीला न्यायचंय : विमानाचा वेळ सव्वा तास धरू की दोन तास?

परभणीकर
नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला दिल्लीला एम्समध्ये दाखवायला न्यायचंय. वय ६८, गुडघे धरलेत, विमानात पहिल्यांदाच बसणार. आजवर सचखंड एक्स्प्रेसनं जायचो, पण सकाळी बसून दुसऱ्या दिवशी दुपारी उतरणं तिला आता झेपत नाही. म्हणून संभाजीनगरहून विमानाचं बघायलोय. नेटवर अंतर ९८० किमी आणि वेळ सव्वा तास दाखवतंय, तिकिटावर मात्र जवळजवळ दोन तास. खरं काय धरायचं? की नांदेडहूनच जावं?

जालनेकर काका
नेटवरचा आकडा म्हणजे नकाशावर दोरी ताणून मोजलेलं अंतर, त्याला ताशी ८०० नं भागलेलं. ९८० भागिले ८०० केलं की सव्वा तास येतो, दुसरं काही नाही. विमान मात्र जागेवरून हलतं, धावपट्टीपर्यंत जातं, उंची गाठतं आणि दिल्लीला उतरायच्या रांगेत घिरट्या घालतं. तिकिटावरची वेळ ह्या सगळ्यासकट असते, म्हणून तीच धरा.

पण भाऊ, तुमचा प्रवास विमानतळापासून सुरू होत नाही. परभणी ते चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ, हे अंतरच आईला जड जाणार आहे. विमानतळ जालना रोडला, शहराच्या अलीकडं आहे. रेल्वेनं संभाजीनगर स्टेशनला उतरलात तर उलटं मागं यावं लागतं, तेव्हा गाडी करून थेट विमानतळ गाठा. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री संभाजीनगरात मुक्काम करा. मागं मी माझ्या आईला पहाटे दोनला उठवून निघालो होतो. विमान वेळेवर मिळालं, पण दिल्लीत उतरल्यावर तिला उभंही राहवेना. आजही त्याचं वाईट वाटतं.

नांदेडची लेक
दादा, नांदेड तुम्हाला जवळ आहे हे खरं. पण तिकिटावर नुसतं दिल्ली वाचून थांबू नका. आमच्याकडून दिल्लीसाठी निघालेली विमानं हिंडनला उतरलेली आहेत. हिंडन गाझियाबादला, यमुनेच्या पलीकडं, आणि एम्स दक्षिण दिल्लीत. इंदिरा गांधी विमानतळ एम्सला बराच जवळ. नांदेडला वाचलेला वेळ तिकडं गर्दीत जाईल. बुकिंगआधी उतरायचं ठिकाण आणि त्या वारी विमान आहे का, दोन्ही बघा.

परभणीकर
हे माहीतच नव्हतं, ताई. हैदराबादचं काय?

जालनेकर काका
परभणीकरांनी त्या वाटेला जाऊ नये. आधी दक्षिणेला इतकं खाली उतरायचं, मग हैदराबाद ते दिल्ली सव्वाबाराशे किमीहून जास्त.

नांदेडची लेक
व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, ऐनवेळी काउंटरवर नको. औषधं आणि जुने रिपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. आणि जानेवारीत दिल्लीत सकाळी धुकं असतं, विमानं तासन्‌तास खोळंबतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.

परभणीकर
ठरलं मग. आदल्या दिवशी दुपारी गाडीनं निघतो, रात्री संभाजीनगरात थांबतो, उतरायचं इंदिरा गांधीलाच. आईला आत्ताच सांगितलं. ती विचारतीय, डबा सोबत नेता येतो का?

जालनेकर काका
धपाटे न्या. चटणी कोरडीच ठेवा, दही-ताक नको.