दुष्काळ सगळ्या गल्लीला सारखाच, मग एक घर गाव सोडतं आन् शेजारचं का राहतं?

बालाघाटचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं गाव बीडच्या धारूर तालुक्यात, डोंगरातलं. मी पुण्याला कंपनीत, आईवडील गावाकडंच. आमच्या गल्लीत शेजारी शेजारी तीन घरं, जमीन तिघांची सारखीच मुरमाड. एकानं सगळं विकून संभाजीनगरला टपरी टाकली, दुसरे दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात आन् पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माघारी येतात, आन् तिसरे म्हणजे माझे चुलते, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या साली पण हलले नाहीत. पेपरात सरळ लिहितात दुष्काळामुळं स्थलांतर वाढलं. पण दुष्काळच ठरवत असता तर सगळी गल्ली रिकामी झाली असती ना? तुमच्याकडं काय बघितलं ते सांगा, खरंच समजून घ्यायचंय.

कोपीतला_दादा
भाऊ, ऊसाच्या फडातच लहानाचा मोठा झालोय. आमच्याकडं ठरवते ती उचल. मुकादम, म्हणजे तोडीला मजूर नेणारा ठेकेदार, हंगामाच्या आधी उचल देतो, त्यात लग्नाचं, दवाखान्याचं देणं भागतं, म्हणजे जायचं पावसाळ्यातच ठरून जातं, विहिरीला पाणी येवो न येवो. चांगला पाऊस झाला त्या वर्षीही आमचे आईवडील गेलेच, कारण मागची उचल फिटली नव्हती. पण त्याच पैशातनं घरावर पत्रे पडले, बोअर झाला, म्हणजे जात होते ते गावात राहता यावं म्हणूनच. आन् कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्या शेजारची मावशी विधवा, एकट्या बाईला उचल द्यायला मुकादम तयार होईना, म्हणून ती गावातच राहिली. दुष्काळात खुरपायलाही कुणी बोलवत नाही, तिनं ते महिने कसे काढले ते आम्ही बघितलंय. तिचं राहणं आन् तुमच्या चुलत्यांचं राहणं एक समजू नका.

मोसंबी_जालना
दादाचं बरोबर आहे, पण राहण्यालाही कारणं असतात. 2012-13 ला आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. मोसंबीला फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात, अशी बाग टाकून कोण जाईल? जनावरांचंही तेच. चारा छावणी उघडली की माणूस जनावरापाशी थांबतो, नाही उघडली तर गाई मातीमोल भावात बाजारात जातात आन् एकदा दावण रिकामी झाली की मग पाय निघतोच. आजोबा सांगायचे, 1972 ला रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण गाव सुटलं नाही. त्याच अनुभवातनं पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. हाताला काम जवळ असलं की माणूस थांबतो.

झेडपीची_बाई
मी शिक्षिका आहे. ब्रिटन सरकारनं 2011 ला ह्या विषयावर मोठा अहवाल काढला होता, त्यात मावशीसारख्या माणसांबद्दलच म्हटलंय, की हवामान बदलानं माणसं बाहेर पडायची जेवढी शक्यता, तेवढीच ती धोक्याच्या जागी अडकून पडायचीही, कारण निघायलाही पैसा लागतो आन् दुष्काळ, पूर आधी तोच संपवतात. आता तर नुसता दुष्काळही राहिला नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरात कितीतरी वावरांची माती खरडून गेली, विहिरी गाळानं बुजल्या. दुष्काळात माणूस पुढच्या मृगाची वाट बघतो, मातीच गेल्यावर कशाची बघणार? लेकरांबद्दल मात्र मला पोटतिडकीनं सांगायचंय. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तर आईबाप जातात पण लेकरू शाळेत राहतं. दिवाळीनंतर सुरू झालं तर लेकरू तोवर ट्रॅक्टरवर बसून गेलेलं असतं, आन् मोठी पोरगी असली तर धाकट्याला सांभाळायला आधी तिलाच नेतात.

बालाघाटचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. चुलत्यांना फोन करून विचारलं. सातबारा अजून आजीच्या नावावर आहे, वाटणी झाली नाही त्यामुळं विकता येत नाही, आन् आजी काही गाव सोडायला तयार नाही. पाण्याचं काय तर म्हणाले तुझा बाप तू पाठवतोस त्या पैशातनं टँकर घेतो, त्यातलं आम्हाला पण देतो. हे मला माहीतच नव्हतं. बाई, एक विचारायचं होतं, शेजारची पोरगी सातवीत आहे, घरचे दसऱ्यानंतर निघणार. वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेटावं का, आन् आजीकडं राहणार असली तरी चालतं का?

झेडपीची_बाई
आत्ताच भेटा, यादी आधी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही सोबत घ्या. आजीकडं राहणार असेल तरी नाव घालायला सांगा.