मदत हवी आहे: कार्डावर दोन मॉनिटर मस्त चालतात, तिसरा बोर्डाला लावला की नुसता अंधार

वेलांटी (धागाकर्ता)

मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे. मी गिरगावात घरूनच डीटीपीची कामं करतो. सध्या एका दिवाळी अंकाची पानं लावतोय, शेवटचे दोन फॉर्म बाकी आहेत आणि डोकं चालेनासं झालंय.

मशीन असं: आय५-१०४०० प्रोसेसर, आसुसचा बी४६० मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), १६ जीबी रॅम, विंडोज ११. ग्राफिक्स कार्ड जीटी १०३०. त्याला एक एचडीएमआय आणि एक डीव्हीआय, बस. दोन्हींवर २४ इंची मॉनिटर लावलेत. एकावर इनडिझाइन, दुसरा उभा करून त्यावर प्रूफं.

मी ज्या प्रेसमध्ये काम शिकलो ती बंद झाली तेव्हा मालकांनी एक जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर दिला होता. १२८० × १०२४, मागे फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचा मॉनिटर पोर्ट). तो मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी लावायचा आहे. (लेखक मंडळी दुरुस्त्या कशा पाठवतात विचारू नका. छापील प्रूफवर हिरव्या पेनाने लिहायचं, त्याचा तिरका फोटो काढायचा, तोही पंख्याखाली, कागद उडत असताना.)

बोर्डाच्या मागे व्हीजीए आहे, म्हणून तिथे लावला. ‘नो सिग्नल’. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये डिटेक्ट दाबलं तरी दोनच दिसतात. कार्ड काढून पाहिलं तर हाच मॉनिटर त्याच व्हीजीएवर ठणठणीत चालतो. कार्ड परत बसवलं की मेला.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानात सांगितलं, “कार्ड और ऑनबोर्ड साथ में चलता ही नहीं, चार पोर्टवाला नया कार्ड ले लो.” तेवढं बजेट नाही म्हटल्यावर दुसऱ्याने एचडीएमआय स्प्लिटर आणि व्हीजीएचं कन्व्हर्टर गळ्यात मारलं. घरी येऊन लावलं, तर जे पान पहिल्यावर तेच तिसऱ्यावर. आता त्या स्प्लिटरचं काय करू?

खरंच दोन्ही एकत्र चालत नाहीत का?

चर्नीरोड स्लो

प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे का ते आधी बघा. १०४००एफ असेल तर आत ग्राफिक्सच नसतं आणि बोर्डावरचे पोर्ट शोभेचे.

जुना खिळा

@चर्नीरोड, कार्ड काढल्यावर चित्र येतं असं त्यांनीच लिहिलंय ना. म्हणजे एफ नाही. ती चाचणी त्यांनी नकळत करूनच ठेवलीय.

वेलांटी, दुकानदाराचं ऐकू नका, एकत्र चालतात. त्याचं म्हणणं एका जमान्यात बरोबर होतं. विंडोज विस्टामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नव्या पद्धतीचे डिस्प्ले ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) एकाच वेळी चालत नसत. विंडोज ७ पासून चालतात. दुकानात तेव्हाचं वाक्य अजून सुरू आहे, इतकंच.

तुमच्याकडे अडलंय ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये. स्लॉटमध्ये कार्ड दिसलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. म्हणून विंडोजला ते दिसतच नाही, आणि डिटेक्ट कितीही दाबलं तरी काही होणार नाही. आता असं करा:

मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोस उघडला की एफ७ दाबून अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये जा. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड, मग सिस्टिम एजंट कॉन्फिगरेशन, मग ग्राफिक्स कॉन्फिगरेशन. त्यात ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ (आयजीपीयू म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) अशी ओळ असेल, ती डिसेबल्डची एनेबल्ड करा. एफ१० ने सेव्ह करून बाहेर या. त्याच पानावर ‘प्रायमरी डिस्प्ले’ म्हणून दुसरी ओळ आहे, तिला हात लावू नका. बदललीच असेल तर पीईजी ठेवा, म्हणजे स्लॉटमधलं कार्ड.

इतर कंपन्यांच्या बोर्डांत हीच गोष्ट ‘इंटर्नल ग्राफिक्स’ किंवा ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ अशा नावाने सापडते. ऑटो असेल तर ऑटोवर विसंबू नका, एनेबल्डच करा.

स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो, नवीन पडदा देत नाही. दुकानात परत घेतला तर बघा.

बोरकूट

एक शंका. प्रोसेसरचं ग्राफिक्स चालू केलं की रॅम खाणार ना? १६ जीबीत इनडिझाइन, फोटोशॉप, क्रोम सगळं उघडं असतं यांचं.

जुना खिळा

खाणार, पण थोडी. बायोसमध्ये राखून ठेवतात ती साधारण ६४ एमबी, बाकी लागेल तशी. व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीला असं काय लागणार? क्रोमच्या चार टॅब मिटवल्या तर त्याहून जास्त सुटेल.

वेलांटी

घोळ झाला. तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच मी एका मित्राला फोन केला होता. त्याने प्रायमरी डिस्प्लेसुद्धा सीपीयू ग्राफिक्स करायला सांगितलं. केलं. आता मशीन चालू केलं की दोन्ही मोठे मॉनिटर काळे. तीनदा बटण दाबून बंद केलं. हे मी फोनवरून लिहितोय. पानं सगळी त्यातच आहेत हो.

जुना खिळा

पानांना काही झालेलं नाही, शांत व्हा. तुम्ही बायोसला सांगितलंत की पहिलं चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर दाखव, ते बिचारं दाखवतंय. जुना मॉनिटर चालू आहे का?

वेलांटी

… त्याचा प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावला होता.

लावला. आसुसचा लोगो त्याच्यावर आला आणि विंडोज उघडल्याबरोबर बाकीचे दोनही उजळले. म्हणजे मघाशी अर्धा मिनिट थांबलो असतो तरी दिसलं असतं! पुन्हा बायोसमध्ये जाऊन प्रायमरी पीईजी केलं, मल्टी-मॉनिटर एनेबल्ड ठेवलं. आता तीन चौकोन दिसतायत. पहिल्यांदाच.

पण जुन्यावरचं चित्र ताणल्यासारखं होतं, १०२४ × ७६८ च्या पुढे जाईना. पीईजी केल्यापासून तर त्यावर काहीच येत नाहीये, नुसता तिसरा चौकोन अधूनमधून येतो-जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हीडियाच्या (म्हणजे माझ्या कार्डाच्या) खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ लिहिलंय, पिवळ्या त्रिकोणासकट.

चर्नीरोड स्लो

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा, म्हणजे इंटेलचा, ड्रायव्हरच नाहीये. आजवर ते ग्राफिक्स बंद होतं, त्यामुळे विंडोजने कधी टाकलाच नसेल. बोर्डाच्या सपोर्ट पानावरून किंवा इंटेलच्या साइटवरून यूएचडी ६३० चा (तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव) ड्रायव्हर उतरवा, टाका, रीस्टार्ट करा. एनव्हीडियाचा तसाच राहू द्या, दोघं भांडत नाहीत.

आणि मशीन उघडंच आहे तर कार्डाची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी पुसून घ्या. आपल्या दमट हवेत कार्ड काढून-घालून झालं की मागाहून भलतेच त्रास निघतात.

वेलांटी

झालं! तिन्ही चालू. १२८० × १०२४ मिळालं.

आता पुढचा प्रश्न. अक्षर धूसर दिसतंय. व्हॉट्सअ‍ॅप वाचता येतं, पण नऊ पॉइंटातला मजकूर त्यावर नेला तर अनुस्वार गायब. ‘पाच’ आणि ‘पांच’ सारखेच.

जुना खिळा

व्हीजीए म्हणजे अ‍ॅनालॉग, थोडं असं होणारच. मॉनिटरवरचं ऑटो किंवा ऑटो-अ‍ॅडजस्ट बटण दाबा, निम्मा फरक तिथेच पडेल. मग विंडोजच्या शोधात ‘क्लिअरटाइप’ लिहा, ती अक्षरं रेखीव करायची सोय आहे. ते प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं लावता येतं. सेटिंग्जमध्ये त्या मॉनिटरचं स्केल १०० टक्केच ठेवा.

एवढं करूनही त्याच्यावर प्रूफ वाचू नका. मी तेरा वर्षं कंपोझिंग केलंय. अनुस्वार आणि रफार वाचायचे तर डिजिटल केबलवरचा पडदाच हवा, नाहीतर अंक छापून आल्यावर संपादकांचे फोन घ्यायचे. रंगाचं तर त्या मॉनिटरला विचारूच नका.

अजून एक. खिडकी ज्या मॉनिटरवर असते तो प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असला आणि चित्र कार्डाने काढलेलं असलं, तर तयार चित्र कार्डाकडून तिकडे न्यावं लागतं. मेलला ते कळणारही नाही. पण फोटोशॉपची खिडकी ओढून जुन्यावर नेलीत तर अडखळल्यासारखं वाटेल. म्हणून जड कामं कार्डावरच्या दोघांवर. सेटिंग्ज, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे फोटोशॉप आणि इनडिझाइन दोघांना हाय परफॉर्मन्स नेमून द्या, म्हणजे विंडोज आपल्या मनाने भलतीकडे नेणार नाही.

वेलांटी

केलं. ऑटो बटणाने खरंच फरक पडला. चौकोनही ओढून नीट लावले. आधी जुना मॉनिटर विंडोजमध्ये उजवीकडे होता आणि टेबलावर डावीकडे, त्यामुळे माउस भिंतीला धडकत होता. विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून खिडकी या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर उडी मारते हेही आजच कळलं. इतकी वर्षं ओढत बसलो.

यूपीएस ६०० व्हीएचा आहे, तिसरा त्यावर टाकू का?

बोरकूट

कशाला? वीज गेली तर सेव्ह करण्यापुरते दोन पुरतात. जुना भिंतीतल्या प्लगवर ठेवा. तो विझला की लेखकही गप्प बसतील.

साडेतीनची चाळ

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००. ही बायोसची युक्ती मलाही चालेल का? मला तिसरा मॉनिटर लावायचाय. तो एचडीएमआयवाला आहे आणि कार्डावरचं एचडीएमआय भरलंय.

जुना खिळा

नाही. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, ५६००जी मध्ये असतं. तुमच्या बोर्डावरच्या एचडीएमआयमध्ये काही लावलं तरी उपयोग नाही. कार्डावर डिस्प्लेपोर्ट किती रिकामे आहेत?

साडेतीनची चाळ

दोन.

जुना खिळा

मग बोर्डाकडे जाताच कशाला? डिस्प्लेपोर्टहून एचडीएमआयला जाणारी केबल आणा. घेताना दिशा बघून घ्या: कार्डाच्या टोकाला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या टोकाला एचडीएमआय. ती उलटी चालत नाही, आणि दुकानात दोन्ही जाती एकाच खोक्यात पडलेल्या असतात.